मोजून दहा

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ही हॅव टू हँड्स’, आणि मागच्या खुर्चीवरून दोन हात वर झाले.

शंका विचारायला माणूस एक हात वर करतो. या माणसानं दोन्ही केले होते, पोलिसांनी पकडल्यासारखे. मला वाटलं, वाक्याचा अर्थ करून दाखवतायत. मी खूश होऊन म्हणालो, “शाबास मामा, टू हँड्स. अगदी बरोबर.” तर हात खाली न घेताच ते म्हणाले, “सर, चुकलं वाटतंय. पोरगी म्हणायली होती, ‘ही’ आला की ‘हॅज’ येतंय.”

कँटीनमध्ये बसलेली अकरा माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी फळ्याकडे बघितलं. मग अडचणीत सापडलेला कुठलाही शिक्षक करतो तेच केलं. म्हणालो, मी मुद्दाम चुकवलं होतं, कोण जागं आहे ते बघायला. दहा जणांनी ते हसण्यावारी नेलं. मामांनी मात्र खरं मानलं असावं, कारण त्यांनी समाधानानं मान हलवली. आणि हात खाली घेताना, पुढे मी रोज पाहिलं ते केलं. उजव्या अंगठ्यानं उजव्या हाताच्या चारही बोटांना एकेक करून स्पर्श केला, मग डाव्या अंगठ्यानं डाव्या. शेवटी दोन्ही अंगठे एकमेकांना लावले आणि अगदी स्वतःपुरतं म्हणाले, “हायत. दहा हायत.”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुलूप लावून झाल्यावर तीनदा ओढून बघणारा, गॅस बंद केला का बघायला जिन्यातून परत वर जाणारा. आपण अशा माणसाला हसतो आणि पुढे जातो. मीही हसलो. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा एका कागदावर लिहिलं होतं, ते पुरे झालं. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात मशीनं चालतात त्या भागात, पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कामगाराला मामा म्हणतात. तेही मामाच.

आता मी, ज्याला धड ‘हॅज’ लावता येत नाही तो, फळ्यापाशी कसा पोचलो ते सांगतो. आमची कंपनी महाळुंग्यात. गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग आम्ही प्रेसवर ठोकून काढतो. ‘आम्ही’ म्हणायची मला सवय आहे. खरं तर मी क्वालिटीत कागद सांभाळतो, पत्र्याला माझा हात फक्त जेवणाच्या डब्याच्या निमित्तानं लागतो. तर, बाहेरदेशीचे एक ग्राहक आमच्याकडून माल घेणार होते आणि त्याआधी त्यांची ऑडिटर बाई येऊन कारखाना बघणार होती. आमच्या प्लँटच्या साहेबांनी कुठूनसं ऐकलं की ही बाई फायली बघत नाही, थेट मशीनवरच्या माणसाशी बोलते. लगेच ठरलं, ऑपरेटरांना चार वाक्यं इंग्रजी आलंच पाहिजे. शिकवणार कोण? मी कधीतरी मीटिंगमध्ये बढाई मारली होती की माझी बायको शाळेत इंग्रजी शिकवते. बायकोला येतं म्हणजे नवऱ्याला येत असणारच, असा साहेबांचा समज झाला. मी तो दूर केला नाही. साहेबांचा कुठलाही समज दूर करायची मला भीती वाटते.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. “तुम्ही? इंग्रजी?” एवढंच विचारून ती बराच वेळ मेथीकडे बघत राहिली. मग तिला माझी नाही, त्या अकरा माणसांची दया आली. म्हणाली, “एकच क्रियापद शिकवा. हॅव. माणसाचं सगळं त्यात येतं. घर, मुलं, काम, ताप, सगळं. आय, यू, वुई, दे यांना हॅव. ही, शी, इट यांना हॅज. आणि जायच्या आधी स्वतः पाठ करा.” शेवटची सूचना मी पाळली नाही. त्याचा निकाल तुम्ही वर वाचलाच.

मामा मूळचे लातूरकडचे. वीसेक वर्षं प्रेसवर काढलेली, तरी कंत्राटदाराच्या यादीवर. यादी बदलली की गेटचा पास बदलायचा, माणूस तोच. पण इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चाकणचा रस्ता ओलांडायचा तर चार माणसं जमेपर्यंत थांबायचे. कंपनीच्या लिफ्टमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. अनोळखी नंबरचा फोन आला की तो वाजून बंद होईपर्यंत मोबाइलकडे विंचवाकडे बघावं तसे बघायचे. पोरं विचारायची, “मामा, मोजली का? एखादं वाढलं का?” त्यावर ते शांतपणे म्हणायचे, “वाढत नाही बाबा. तेच तर भ्या हाय.” आणि कुणी फारच चेष्टा केली तर त्यांचं ठरलेलं उत्तर, “भ्यालेलं बरं असतंय.”

ज्यांनी प्रेस पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून एक लोखंडी ठोकळा खाली येतो, तो पत्र्याला ठोकतो आणि वर जातो. आवाज कानात नाही, छातीत वाजतो. पत्रा आणि हात यांतला फरक त्या ठोकळ्याला कळत नाही. म्हणून पुढे दोन पिवळे खांब असतात आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की पडदा मोडतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. याला सगळे सेन्सर म्हणतात. मामांच्या खिशात खोक्याच्या पुठ्ठ्याची एक वीतभर पट्टी असायची. शिफ्ट सुरू झाली की ते मशीन रिकामं चालवायचे, ती पट्टी खांबांमध्ये घालायचे, ठोकळा थांबला की म्हणायचे, “हाय.” मग बोटं मोजायची. मग काम. सात नंबरच्या प्रेसवर ही पूजा रोज चालायची.

तिचं मूळ मला महाळुंग्याच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर कळलं. टपरी एका चाचांची. चाचा उजव्या हातानं किटली धरतात आणि डाव्या हाताचा अंगठा व एक बोट यांच्या चिमटीत ग्लास. बाकी तीन बोटं नाहीत. ते आणि मामा तरुणपणी भोसरीच्या एका शेडमध्ये शेजारशेजारच्या मशीनवर होते. चाचा मला म्हणाले, “माझा हात गेला तेव्हा मी ओरडलोच नाही, सर. ओरडला तो. त्यानंच मशीन बंद केलं, त्यानंच रुमालात गोळा केलं. तेव्हापासून तो मोजतो. माझी मोजून झाली, आता स्वतःची मोजतो.” आणि हसले.

वर्गात मामांची प्रगती सगळ्यांत चांगली होती. घरी पोरगी शिकवायची, शॉपमध्ये प्रेस ताल धरायची. ठोकळा खाली, “आय हॅव.” वर. खाली, “ही हॅज.” पण वाक्यं विचाराल तर एकाच विषयावर. “आय हॅव टेन फिंगर्स. माय वाइफ हॅज टेन फिंगर्स. माय डॉटर हॅज टेन फिंगर्स. चाचा हॅज सेव्हन फिंगर्स.” मी वैतागून म्हणालो, मामा, देवानं तुम्हाला घर दिलंय, गाव दिलंय, बायकापोरं दिलीत, बोटं सोडून दुसरं काहीतरी हॅव करा. त्यांनी विचार केला. मग म्हणाले, “आय हॅव फिअर.” शब्द पोरीकडून आणलेला. सगळे खदखदून हसले, मी सगळ्यांत जास्त.

ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात साहेबांनी प्रत्येकाच्या मशीनसाठी एकेक वाक्य ठरवून दिलं. सात नंबरसाठी होतं, ‘माय मशीन हॅज अ सेन्सर’. मी मामांना म्हणायला सांगितलं. ते उभे राहिले, अंगठा बोटांवरून फिरवला आणि म्हणाले, “माय मशीन हॅज नो सेन्सर.”

मी म्हणालो, “मामा, नकाराची वाक्यं पुढच्या आठवड्यात. आधी साधं वाक्य नीट म्हणा.”

“साधंच हाय, सर. हॅज नो सेन्सर.”

“नो काढा त्यातलं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खडूनं फळ्यावर टकटक केलं. मग त्यांनी वाक्यातून ‘नो’ काढला आणि मी सांगितलं तसं तीनदा म्हणून दाखवलं, दर वेळी आधीपेक्षा हळू. खाली बसताना म्हणाले, “भ्यालेलं बरं असतंय, सर.” मला वाटलं, इंग्रजीला भितायत. मी पाठीवर थाप मारून सांगितलं, घाबरू नका, मी मागे उभा असेन.

ही गोष्ट लिहिताना माझा हात या ठिकाणी दर वेळी थांबतो. माणूस भर वर्गात, मीच शिकवलेल्या शब्दांत, खरी गोष्ट सांगत होता आणि मी त्याचं वाक्य सुधारत होतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. प्रत्येक मशीनला एक चेकशीट लटकवलेली असते. महिन्याचे दिवस, प्रत्येक दिवसापुढे चौकोन. सकाळी ऑपरेटरनं सेन्सर तपासायचा आणि चौकोनात टिक करायची. आमच्याकडे ऑडिट जवळ आलं की या शीट गोळा होतात आणि रिकामे चौकोन भरले जातात. हे काम वर्षानुवर्षं माझं. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी मोठ्या अभिमानानं सांगत असे. तीन वेगवेगळी पेनं, एक संपत आलेलं. काही टिका बैठ्या, काही उभ्या. एखाद्या कोपऱ्यावर ग्रीसचं बोट, कागद शॉपमध्ये राबल्यासारखा दिसावा म्हणून.

त्या रविवारी दुपारी मी ताथवड्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर शीट पसरून बसलो होतो. सात नंबरच्या शीटवर सलग अकरा दिवस कोरे होते. मामांसारख्या माणसानं अकरा दिवस टिक करायला विसरावं याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला वाटला तो कंटाळा. मनात म्हणालो, मामाही शेवटी आमच्यातलेच. आणि अकरा टिका केल्या.

बायको वह्या तपासत समोर बसली होती. तिनं विचारलं, हे काय चाललंय. मी म्हणालो, काही नाही गं, तुमच्या हजेरीपटासारखंच असतं.

“मी आधी पोराकडे बघते,” ती म्हणाली, “मग हजेरी लावते.”

मी विषय बदलला.

नंतर कळलं ते असं. सेन्सर महिनाभर कुरकुरत होता, मध्येच मशीन थांबवत होता, माल कमी पडत होता. म्हणून मेंटेनन्सवाल्यांनी साहेबांच्या तोंडी हुकमावरून एक वायर जोडून तो बायपास केला होता. नवा येईपर्यंत. खांब जागेवर, दिवे लागलेले, पडदा मेलेला. सकाळी मामांनी पुठ्ठा घातला, ठोकळा थांबला नाही, पुठ्ठ्याचं टोक चपटं झालं. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, स्पेअर मागवलाय, तोवर सांभाळून. मामा सांभाळून म्हणजे लांब चिमट्यानं एकेक तुकडा ठेवत, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबत काम करत राहिले. माल निम्मा निघायचा, शिव्या पूर्ण मिळायच्या. आणि चेकशीटवर त्यांनी टिक केली नाही. त्या रिकाम्या चौकोनांत त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं. मला कोरा चौकोन वाचता येत नव्हता.

ऑडिटर बाई आल्या. केस पांढरे, आवाज मऊ, पायांत आमच्याच कंपनीचे मोठे सेफ्टी शूज. हातात वही, पण ती उघडत नव्हत्या. साहेब त्यांच्या उजव्या हाताला, मी फाइल घेऊन डाव्या हाताला. शॉप धुऊन पुसून असा केला होता की मलाच रस्ता सापडेना. सात नंबरचं मशीन साहेबांनी सकाळीच ऑटोवर टाकायला लावलं होतं. ऑडिटच्या दिवशी मशीन धावताना दिसलं पाहिजे, चिमटा नको. ऑटोवर पत्र्याची पट्टी आपोआप पुढे सरकते आणि ठोकळा न थांबता वर-खाली होत राहतो. धप्, धप्, धप्. मामा त्याच्यापासून एक पाऊल लांब उभे होते. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

बाई त्यांच्यासमोर थांबल्या. हसून, अगदी सावकाश विचारलं, या मशीनला सेन्सर आहे का?

मामांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. बंद केलं. अंगठे बोटांवरून फिरायला लागले, एकदा, पुन्हा एकदा. धप्, धप्. साहेब माझ्याकडे बघायला लागले. साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की माझ्या तोंडातून आपोआप काहीतरी बाहेर पडतं.

“येस मॅडम,” मी म्हणालो. “इट हॅज.”

आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत ‘हॅज’ बरोबर लागला. त्या क्षणी मला त्याचाच आनंद झाला होता, खोटं सांगून काय उपयोग.

बाई म्हणाल्या, दाखवाल का?

आता बघा, माझ्या हातात जी फाइल होती तिच्यात अकरा टिका होत्या. त्या मीच केलेल्या, पण लिहिलेल्या कागदावर माझा फार विश्वास. मी फाइल बगलेत मारली, पुढे झालो आणि उजवा हात खांबांमध्ये घातला. मशीन थांबलं नाही. मला वाटलं, किरण थोडे आत असतील. म्हणून हात आणखी पुढे नेला. मशीन तरी थांबलं नाही. हसू तोंडावर तसंच ठेवून मी आणखी वीतभर पुढे झुकलो.

मला आठवतं ते एवढंच. मनगटावर एक पकड बसली, लोखंडासारखी, आणि मी मागे फेकला गेलो. फाइल आत पडली. धप्. ठोकळा वर गेला तेव्हा फाइलच्या जाड पुठ्ठ्याला एक चकतीएवढं गोल, स्वच्छ भोक पडलं होतं. मामांनी दुसऱ्या हातानं लाल बटण दाबलं होतं.

माझा हात मामांनी सोडला नव्हता. तिथंच, बाईंसमोर, साहेबांसमोर, त्यांनी माझी बोटं मोजली. मग दुसरा हात मागितला. मी दिला. तोही मोजला. “हायत, सर. दहा हायत.” मग बाईंकडे वळून, वर्गात उभे राहायचे तसे सरळ उभे राहून म्हणाले, “माय मशीन हॅज नो सेन्सर.”

या वेळी मी वाक्य सुधारलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी हात घातला तेव्हा साहेब तीन हातांवर होते आणि सेन्सर मेलाय हे त्यांना माहीत होतं. नंतर मी पुष्कळ वेळा मनात ती पावलं मोजली. ओरडायला वेळ होता. पण समोर बाई होत्या. मी साहेबांवर रागावणारच होतो, पण पुढे मी जे केलं त्यानंतर तो हक्क राहिला नाही.

बाईंनी वही उघडली. सात नंबर बंद झाला. येत नव्हता येत नव्हता म्हणून सांगितलेला नवा सेन्सर दोन दिवसांत आला. आणि मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. भोक पडलेली चेकशीट त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “या टिका कुणाच्या आहेत ते मी विचारत नाही. घटनेचा रिपोर्ट तुम्ही लिहा. काय लिहायचं ते तुम्हाला कळतंच.”

मला कळलं. मला अशा गोष्टी लगेच कळतात. माझं वय, मुलाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, या वयात कोण घेणार, हे सगळं मी खुर्चीत बसता बसता मनाशी बोलून घेतलं. रिपोर्ट इंग्रजीत लिहिला. ‘द ऑपरेटर हॅज रन द मशीन ऑन ऑटो विदाउट परमिशन.’ पुढे मामांचं पूर्ण नाव. बायपासचा उल्लेख नाही, टिकांचा नाही, माझ्या मनगटाचाही नाही. ‘हॅज’ मात्र जिथल्या तिथं होता. बायकोनं तपासलं असतं तर एकही लाल खूण केली नसती.

कंत्राटदाराच्या माणसानं मामांना गेटवरच्या केबिनमध्ये बोलावून रिपोर्टवर सही घेतली. तो मला नंतर सांगत होता, मामांनी कागद बोट ठेवून ठेवून वाचला, एका शब्दापाशी थांबले आणि म्हणाले, “हॅज बरोबर लावलाय सरांनी.” मग सही केली. पास टेबलावर ठेवला, शूज काढून दिले, स्वतःच्या चपला घातल्या.

मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघत होतो. खाली जायला हवं होतं. नव्वद पावलं असतील. ते गेटबाहेर गेले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ओलांडायला बरोबर कुणी नव्हतं. ट्रक जात होते, कंपन्यांच्या बस जात होत्या. त्यांनी दोन्ही हात पोटाशी घेतले, अंगठे फिरले. खूप वेळानं एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन आली, तिच्या मागून ते पलीकडे गेले.

घरी मी अर्धीच गोष्ट सांगितली होती, हात वाचल्याची. ती ऐकून बायकोनं देवापुढे दिवा लावला आणि म्हणाली, त्या मामांना बायकोमुलीसकट जेवायला बोलवा. पुरणपोळी करते. मी म्हणालो, बोलावतो. पुढच्या रविवारी म्हणालो, त्यांची शिफ्ट आहे. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणालो, गावाला गेलेत. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलंच नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. सातवीच्या वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाकडे ती कशी बघत असेल ते मला तेव्हा कळलं.

सोमवारी मी चाचांच्या टपरीवर गेलो. तीन आठवडे मी त्या चौकातून बसच्या दुसऱ्या बाजूला बसून जात होतो. चाचांनी चहा दिला. मामांबद्दल विचारायला मला दुसरा ग्लास लागला. चाचा म्हणाले, तळेगावकडं एका शेडमध्ये लागलाय. प्रेसच. जुनी मशीनं. मी विचारलं, सेन्सर आहे ना? चाचांनी ग्लास विसळता विसळता सांगितलं, “पिवळे खांबच नाहीत, सर. असते तर बंद आहेत का चालू, हे तरी विचारता आलं असतं.”

रोज शिफ्ट सुटली की मामा त्यांना फोन करतात. चाचा ‘हॅलो’ म्हणत नाहीत. विचारतात, किती? पलीकडून उत्तर येतं, दहा. एवढं बोलून फोन ठेवतात. “कालपर्यंत दहा होती,” चाचा म्हणाले.

मग त्यांनी गल्ल्याखालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मामांनी माझ्यासाठी ठेवलेलं. उलगडून बघितलं तर तीच पुठ्ठ्याची पट्टी, एका टोकाला चपटी झालेली. चाचांनी निरोप सांगितला, सरांना द्या, म्हणावं, कुठंही हात घालायच्या आधी हे घाला. मी विचारलं, आणखी काही म्हणाले का? रिपोर्टबद्दल? चाचा म्हणाले, नाही. पोरीला सांगत होता, सरांचा वर्ग चांगला होता.

त्या संध्याकाळी मी पट्टी जेवणाच्या टेबलावर ठेवली, बरोबर त्या जागी जिथं मी टिका केल्या होत्या, आणि बायकोला उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. टिका, केबिन, रिपोर्ट, खिडकी, तळेगाव. काही गाळलं नाही. चाचांच्या टपरीवर आता फोन वाजायची वेळ झाली असेल, हे मनात येऊन माझी बोटं गार पडली होती.

तिनं माझे दोन्ही हात ओढून घेतले, दिव्याखाली धरले आणि एकेक बोट धरून मोजायला लागली. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग दुसरा हात. मला वाटलं, आता रडेल.

“सगळी आहेत की,” ती म्हणाली. “मग खरं लिहायला यातलं कुठलं कमी पडलं?”